दोन ठोके

दोन ठोके पडले आणि हात उघडला. झालं ते एवढंच. सकाळी अकराच्या सुमाराला, बसथांब्याच्या लोखंडी कठड्याशी, लख्ख उजेडात, पंधरा-वीस माणसांच्या देखत. नणंदेच्या खांद्यावरची पर्स हिसकून निघालेल्या त्या लांबोडक्या माणसाचं मनगट तिने पहिल्याच झेपेत धरलं होतं. अंगठ्याखालच्या खळगीत बोट रुतवून ते बाहेरच्या बाजूला पिळलं होतं आणि तो गुडघ्यावर आलाही होता. बावन्नाव्या वर्षी, गुडघ्याला पट्टा बांधलेला असताना, दुसऱ्या हातातली बटणांची पिशवीसुद्धा न सांडता. लोकांच्या तोंडून 'वा!' असं निघून गेलं होतं. तेवढ्यात त्याने मोकळा हात कठड्याच्या पाइपवर आपटला. ठण्, ठण्. आणि तिची पाचही बोटं उघडली, तिला न विचारता. त्या माणसाला स्वतःलाच खरं वाटलं नसावं. क्षणभर तो तिच्या तोंडाकडे बघत राहिला, मग भानावर येऊन पर्ससकट गर्दीतून पसार झाला. लोक तिच्याकडे बघत होते. ती आपल्या तळहाताकडे बघत होती.

"सोडलंस कशाला गं त्याला?" नणंद म्हणाली. बसथांब्यावर म्हणाली, घरी येताना वाटेत म्हणाली, जिना चढताना धापा टाकत दोनदा म्हणाली. तिचंही चुकत नव्हतं. पर्समध्ये तिचा चष्मा होता, घराच्या किल्ल्या होत्या आणि नातवासाठी विणायला घेतलेलं अर्धं टोपरं होतं. शिवाय गेली पंचवीस वर्षं ती वाण्यापासून दाताच्या डॉक्टरपर्यंत सगळ्यांना ऐकवत आली होती, की आमच्या भावाची बायको साधीसुधी नाही, फौजेत नुसत्या हातांनी लढायला शिकवायची, भल्याभल्यांना लोळवायची. आता तिच्या घराचं कुलूप बदलायला माणूस वरच्या मजल्यावर खटपट करत होता आणि ती यांच्या दुकानामागच्या खोलीत बसून एकेकाला फोनवरून सांगत होती, "धरला होता हो चांगला! आणि सोडला! हो, हो, आपणहून!" तो शेवटचा शब्द पडद्यातून दर वेळी स्पष्ट ऐकू येत होता.

पुढची खोली म्हणजे दुकान. टेलरमास्तर, म्हणजे तिचे यजमान, खिडकीपाशी कापडावर खडू ओढत होते. सगळा गाव त्यांना मास्तर म्हणायचा, तीसुद्धा गिऱ्हाइकांपुढे मास्तरच म्हणायची. टेबलावर इस्पितळाच्या बायांचे अडतीस फिकट निळे झगे पडले होते, काज-बटणांसाठी. निवृत्त झाल्यापासून ते काम तिचं. तिने सुई ओवली, पहिलं बटण लावलं, दोऱ्याला पीळ देऊन गाठ मारली आणि उजवा हात पुन्हा डोळ्यांसमोर धरला. बोटांचे सांधे थोडे जाड झालेले, करंगळी एकदा निखळून पुन्हा बसवल्यामुळे किंचित तिरकी. बाकी हात जसाच्या तसा होता. या हातावरून पलटणीत तिचं नाव चिमटा पडलं होतं. समोर कुणाची हिंमत नव्हती, पण बराकीत सगळे चिमटाबाईच म्हणायचे, आणि तिला ते माहीत होतं, आणि ऐकून न ऐकल्यासारखं करताना तिला मनातून गुदगुल्या व्हायच्या. त्या चिमट्यातून आज एक साधा पर्सचोर सुटून गेला होता. सुटला असता तर एक वेळ चाललं असतं. तिनेच सोडला होता.

आणि नेमकं आजच. शिलाई यंत्राच्या खणात चार दिवसांपासून एक पत्र पडून होतं, तिच्या जुन्या शाळेचं, जिथे फौजेतल्या शिकवणाऱ्यांना शिकवतात तिथलं. वस्ताद जाऊन दोन वर्षं झाली, त्यांच्या हाताखाली थेट तयार झालेल्या शिक्षकांपैकी आता आपणच उरलात, तीन महिने येऊन नव्या शिक्षकांची तुकडी घडवून द्यावी, आज पाचच्या आत होकार किंवा नकार कळवावा. खाली फोननंबर होता. पत्र आलं त्या दिवशी ती आरशासमोर ताठ उभी राहिली होती आणि मास्तर तोंडातल्या टाचण्या न काढता हसले होते. काल रात्रीपर्यंत उत्तर ठरलेलं होतं. आता साडेतीन वाजले होते आणि तिला वाटत होतं, ज्या बाईची पकड भर रस्त्यात आपोआप सुटते तिने कुठल्या तोंडाने पकड शिकवायची? नाही म्हणून टाकावं आणि झगे संपवावेत. बटणं तरी मुकाट्याने बसतात.

वस्तादांचा एक कान तोफेने खाल्ला होता, उरलेल्या कानाने ते हवं तेवढंच ऐकायचे. मातीच्या आखाड्यात वाढलेला माणूस. फौजेत आल्यावर परदेशातून आलेल्या एका बुटक्या ज्युदोवाल्याकडून तीन वर्षं पडायला शिकला, एका मुष्टियोद्ध्याकडून पाय हलवायला, आणि बंदरावरच्या हाणामाऱ्यांतून उठलेल्या एका हवालदाराकडून, त्यांच्याच शब्दांत, लाज सोडायला. शेकडो डावांतून त्यांनी नऊ ठेवले होते. पाठीवर ओझं, पायात बूट, अंगात तीन रात्रींचं जागरण आणि खाली चिखल, एवढं असताना जे चालेल ते ठेवायचं, बाकी शोभेचं म्हणून सोडून द्यायचं. एकदा एका नव्या पोराने गिरकी घेऊन डोक्याइतक्या उंच लाथ मारून दाखवली. वस्तादांनी टाळ्या वाजवल्या, त्याच्या पायात बूट चढवले, पाठीवर वीस किलोची पिशवी दिली आणि म्हणाले, आता दाखव. तो जो आपटला तो आठवड्याने नीट बसायला लागला. पण नऊच्या नऊ डाव शिकवताना त्यांचा नेम होता, आधी मालकाचं नाव घ्यायचं. "हा पैलवानांचा. हा ज्युदोवाल्याचा. हा जपान्यांच्या ज्युजुत्सूतला, माझ्यापर्यंत तीन हात फिरून आलाय, थोडा झिजलाय. हा गुत्त्यातला, याच्या मालकाचं नाव पोलिसांना विचारा." तुकडीने ते नाव मोठ्याने म्हणायचं, मगच हात लावायचा. तिला ते फार आवडायचं. आपण उसन्या गोष्टी वापरतो आहोत आणि त्या नीट परत करायच्या आहेत, असं काहीतरी अंगात भरायचं. तिने एकदा विचारलं होतं, "वस्ताद, आणि ठोके कुणाचे?" डाव बसला, दुखायला लागलं, की खालच्याने हाताने दोनदा ठोकायचं, समोरच्याच्या अंगावर किंवा गादीवर, आणि वरच्याने त्याच क्षणी सोडायचं, हा शाळेचा पहिला नियम. वस्ताद चांगला कान तिच्याकडे करून म्हणाले होते, "ते कुणाचेच नाहीत. दुखलं की माणूस आपटतोच. लहान मूलही आपटतं."

तिने दोरा तोडला. म्हणजे तो पर्सवाला कुठे शिकून आला नव्हता. सकाळपासून तिच्या मनात ही एक शंका ठाण मांडून बसली होती, की हा आपल्यातलाच कुणी असेल, आपल्याच हाताखालून गेलेला, वाया गेलेला, आणि तिने तीन-तीनदा त्याचा चेहरा आठवून पाहिला होता. पण तसं काही नव्हतं. त्याला दुखलं आणि त्याने आपटलं, इतकंच. पाइप ठण् ठण् वाजला. तो आवाज मात्र अजून तिच्या कानातून जात नव्हता, कारण तो पाइपचा नव्हता. तो गादीचा होता, अठ्ठावीस वर्षांपूर्वीचा.

ती तेव्हा चोवीसची. बायकांची पहिली तुकडी, नऊजणी. शेडच्या दारात पुरुषांची गर्दी व्हायची तमाशा बघायला, कुणी वेणी ओढल्यासारखं करायचं, कुणी म्हणायचं, बघा हं, बांगड्या लागतील. शेडला लागूनच ट्रक दुरुस्तीचा कारखाना होता, दिवसभर इंजिनं गुरगुरायची, पत्रे थरथरायचे. त्या दिवशी वस्तादांनी तिला पुरुषांच्या तुकडीतल्या सगळ्यात दांडग्या गड्याबरोबर उभं केलं. त्याला दगड म्हणायचे. तो चिडवणाऱ्यांतला नव्हता, उलट त्याने हळूच विचारलं होतं, "पट्टा नीट बांधलास ना?" तिने त्याला पाडलं. कसं पाडलं ते तिच्या अंगाला आजही आठवतं, त्याचं सगळं वजन तिच्या कमरेवरून पाण्यासारखं पलीकडे गेलं. मग हात गुंतवून कोपर आपल्या मांडीवर ताणलं, पैलवानांचा आणि ज्युजुत्सूचा मिळून झालेला सहावा डाव. दारातली गर्दी गप्प झाली. त्या गप्प बसण्याची चव तिला लागली. आणि दगडाने ठोकलं. गादीवर, दोनदा. त्यानंतर एक आवाज झाला, लहानसा, वाळकी काटकी मोडावी तसा. दगड ओरडला नाही. त्याचा चेहरा पांढरा पडला आणि तो म्हणाला, "अरेच्चा." आजही कुणी अरेच्चा म्हटलं की ती मागे वळून बघते.

"ट्रकच्या आवाजात ऐकू आलं नाही," ती वस्तादांना म्हणाली होती. ते तिच्याकडे बराच वेळ बघत राहिले. "ऐकू आलं नाही. बरं," एवढंच म्हणाले. शाळेचा रिवाज होता, मोडेल तो खाली. ज्याच्या हातून कुणाचं मोडलं त्याने चाळीस दिवस खाली जायचं. म्हणजे रोज सकाळी प्रत्येक शिकाऊ त्याच्यावरच डाव टाकणार, त्याने वरचा डाव एकदाही टाकायचा नाही, फक्त दुखायला लागलं की ठोकायचं. ती चाळीस दिवस खाली गेली. तेवढ्या दिवसांत तिला कळलं की कोण पहिल्या ठोक्याला सोडतो, कोण दुसऱ्याला, कोण हसत अर्धा श्वास जास्त धरतो. त्या अर्ध्या श्वासात खालच्या माणसाला काय वाटतं तेही कळलं. दगडाचं कोपर पुन्हा पूर्ण सरळ झालं नाही. त्याला कोठारात टाकलं, गाद्या, पट्टे, बूट मोजायला, आणि तो तिथेच रमला, निवृत्तीनंतरही तिथेच चिकटला. थंडीत कोपर ठणकायला लागलं की म्हणायचा, माझ्याकडे हवामान खातं आहे. तिच्याशी तो कधी वाकडा शब्द बोलला नाही. तीही पुढे बावीस वर्षं शिकवत राहिली. दोन हजारांवर माणसं तिच्या हाताखालून गेली, पुरुष, बायका, शहाणे, मस्तवाल, आणि त्यांच्यातल्या एकाचंही बोटसुद्धा तिच्या हातून मोडलं नाही. शाळेत दुसऱ्या कुणाला हे सांगता येत नव्हतं. याचा तिला अभिमान होता, उघड, भरघोस अभिमान. फक्त त्याच्या तळाशी एक खडा होता, तो तिने कुणाला दाखवला नव्हता.

"चहा घेणार?" मास्तर म्हणाले. मग तिच्याकडे नीट बघून त्यांनी खडू खाली ठेवला. "काय झालं ते तरी सांग. ताईचं सोड, ती आठवडाभर बोलेल आणि मग दुसरं काहीतरी सापडेल तिला. तुझं काय बिनसलंय?"

"अहो, मला ऐकू आलं होतं."

"पाइपचं ना? मग ऐकू येणारच."

"पाइपचं नाही. दगडाचं. तेव्हा." तिच्या हातातली सुई थांबली होती. "ट्रक चालू होता, पण मला ऐकू आलं होतं. दोन्ही ठोके. दारातले सगळे गप्प झाले होते आणि मला वाटलं, अजून थोडं. त्यांना अजून थोडं बघू दे. एवढंच, अर्धा श्वास. मी वस्तादांना खोटं सांगितलं, सगळ्यांना सांगितलं, तुम्हालासुद्धा लग्नाच्या आधी तेच सांगितलं."

पलीकडच्या खोलीतला फोनवरचा आवाज थांबला होता. मास्तरांनी गळ्यातली मापाची पट्टी काढून ठेवली. सबंध आयुष्य दुसऱ्यांच्या अंगाची मापं घेत आलेला माणूस, त्याला घाई माहीत नव्हती. मग ते उठले, टेबलावरचे झगे बाजूला सारले आणि आपला उजवा हात पुढे केला, मधल्या बोटात शिवणाचं अंगुस्तान तसंच होतं. "धर," ते म्हणाले.

"काहीतरीच काय!"

"धर म्हणतो ना. पंचवीस वर्षांत एकदा तरी दाखवलंस का मला? सगळ्या जगाला पिळलंस, आणि नवरा कोरडाच. धर, तुझी पकड गेली का राहिली ते कळू दे."

तिने धरलं. हळूच धरलं, मग त्यांनी ओढून बघितल्यावर आवळलं. मास्तरांनी झटका दिला, पिळा दिला, टेबलाला पाय लावून जोर केला, कपाळावर घाम आला. पकड जागची हलली नाही. "अरे बापरे," ते म्हणाले, आणि त्यांच्या डोळ्यांत असा काही आनंद होता की जणू त्यांनीच तो हात शिवला होता. "सुटत नाही गं! अजून पीळ. घाबरू नकोस, मी ठोकत नाही." तिने डोळे मिटून एक बारीकसा पीळ वाढवला. दुकानात शांतता होती, खाली रस्त्यावरून एक बस गुरगुरत गेली, खिडकीच्या काचा थरथरल्या. त्याच वेळी तिचा हात उघडला. तिने डोळे उघडले. मास्तर आपल्या डाव्या हाताच्या एका बोटाकडे बघत होते, ते टेबलावरच्या झग्यांच्या घडीवर टेकलेलं होतं.

"तुम्ही ठोकलंत?"

"बोटाने. कापडावर." ते मनगट चोळत होते. "बस जात होती म्हणून मुद्दाम तेव्हा ठोकलं. अगं, मलाच ऐकू आलं नाही आणि तुला कसं आलं?"

तिने आपला तळहात उलटून बघितला. छाती अशी भरून आली की पाठ आपोआप ताठ झाली, परेडच्या मैदानावर व्हायची तशी. सकाळपासून ती ज्याला चूक म्हणत होती ती तिची सगळ्यात मोठी कमाई होती. कठड्याशी हात सुटला नव्हता, हाताने ऐकलं होतं. चोर की सज्जन हे न विचारता, पंधरा-वीस माणसं बघत असताना, ती 'वा' म्हणत असताना. चोवीसच्या वयात जिथे हात बहिरा झाला होता नेमक्या तिथेच आज त्याने ऐकलं होतं. पर्स गेली ती गेलीच, चष्मा नवा होईल, टोपरं पुन्हा विणता येईल. तिने खणातून पत्र काढलं आणि नंबर लावला. पाचला वीस मिनिटं कमी होती.

"कोठार," पलीकडून आवाज आला. तो आवाज आता आणखी जाड झाला होता, पण तोच होता.

"तू? हा नंबर तुझा आहे?"

"मग? ऑफिसातला फोन कुणी उचलत नाही. पत्रात मीच माझा नंबर घालायला लावला." दगड हसला. "काय ठरलं बाई? येतेस ना?"

"आधी ऐक. मग तूच सांग येऊ का." ती उभी राहिली. हे बसून सांगायचं नव्हतं. "त्या दिवशी तुझे ठोके मला ऐकू आले होते. ट्रकमुळे ऐकू आलं नाही म्हणाले ते खोटं होतं. ऐकू आले, आणि मी सोडलं नाही."

पलीकडे कुणीतरी लोखंडी कपाट बंद केलं. "मला माहीत आहे," दगड म्हणाला.

"काय?"

"अगं, तुझी मांडी माझ्या दंडाखाली होती. मी ठोकलं तेव्हा ती दचकली. तुला ऐकू आलं ते मला तेव्हाच कळलं. वस्तादांनाही कळलं असणार, ते तुझ्या पायांकडे बघत होते."

"मग बोलला का नाहीस? अठ्ठावीस वर्षं?"

"पहिली दोन वर्षं फार राग होता, खोटं कशाला सांगू. बोलणारही होतो. मग तू शिकवायला लागलीस आणि मी कोठारात बसून मोजायला लागलो. गाद्या मोजायच्या, पट्टे मोजायचे, आणि तुझ्या तुकडीतनं दवाखान्यात किती गेले ते मोजायचं. महिना गेला, शून्य. वर्ष गेलं, शून्य. दहा वर्षं गेली. मग मीच लोकांना सांगायला लागलो, हे कोपर बघा, चिमटाबाई यावर शिकल्या." तो थांबला. "ऐकतेस ना? रडू नकोस हं, कोठारातला फोन आहे, सरकारी."

"रडत नाहीये."

"मग ये. चाळीसजण आहेत, सगळे दांडगे, सगळ्यांना आपण कोण असं वाटतं. दोघं तर गिरक्या घेऊन लाथा मारतात. गाद्या किती काढून ठेवू?"

तिने खिडकीच्या काचेत बघितलं. मास्तर मनगट चोळत उभे होते. मागच्या दाराचा पडदा सरकवून नणंद चष्म्यावाचून डोळे बारीक करून बघत होती, तिने सगळं ऐकलं होतं हे तिच्या तोंडावर दिसत होतं, आणि हातातला फोन तिने कानापासून खाली घेतला होता.

"वीस जोड्यांच्या वीस," ती म्हणाली. "आणि एक जास्त, पुढे, मधोमध. ती माझी. पहिले चाळीस दिवस मी खाली."

"वेडी आहेस का? बावन्न झाली! आणि आता कुणाचं मोडलंय?"

"तुझंच. तेव्हा जे चाळीस दिवस भरले ते ऐकू न आल्याचे होते. ऐकू आल्याचे राहिलेत." तिचा आवाज स्वच्छ होता, मैदानाच्या दुसऱ्या टोकाला पोचेल असा. "आणि त्यांना तरी दुसरं कसं शिकवू? एकेकाने मला धरावं. मी हळू ठोकेन, रोज थोडं आणखी हळू. म्हातारीचं हाड हातात असलं की नीट ऐकतील."

पलीकडे दगडाने वही ओढली. मग त्याने काहीतरी लिहून घेतल्याचा आवाज आला. "एकवीस गाद्या," तो म्हणाला. "मधली मी स्वतः झाडून ठेवतो."

तिने फोन ठेवला आणि खुर्ची ओढून झगा मांडीवर घेतला, अजून तीस बाकी होते. वरच्या मजल्यावरून कुलूपवाल्याने हाक मारली, झालं बघून घ्या म्हणून. नणंद भिंतीचा आधार घेत जिन्याकडे निघाली आणि दारातच शेजारणीने तिला गाठलं. "काय हो, तुमच्या वहिनींनी धरलेला चोर सोडून दिला म्हणे?"

"सोडला तर!" नणंद म्हणाली, सगळ्या जिन्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. "त्याने हात आपटला, तिने सोडला. तुम्हाला नाही कळायचं ते. त्याला फार वर्षं लागतात."